जीमूतवाहनाची वंशकथा आणि नागाव परिसरातील शिलालेख

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी विद्याधर जीमूतवाहन हा आपला मूळ पुरुष मानला. शंखचूड नागाऐवजी त्याने वध्यशिलेवर स्वतःचा देह गरुडापुढे ठेवला, ही कथा हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात सातव्या शतकातच आलेली आहे. शिलेवर ज्याचा ‘आहार’ झाला त्याचे वंशज ते ‘शिलाहार’, अशी व्युत्पत्तीही तिला जोडण्यात आली. अष्टागरातील नागावचे नाव या कथेशी जुळविण्याचा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची परीक्षा अगत्याची ठरते.

प्रथम कुलनामाचा विचार करू. कोरीव लेखांत ते सिलार, शिलार, शिलाहार, शैलाहार अशा अनेक रूपांत आढळते. ‘ह’काराच्या लोपाने शिलाहारचे सिलार होणे शक्य आहे, परंतु मूळच्या देशी नावास संस्कृत पेहराव चढविणे, हेही तितकेच संभवनीय आहे. पुल्लशक्ती, झंझ, गोग्गी ही याच कुळातील नावे संस्कृत वळणाची नव्हेत. तेव्हा कथेने नाव दिले असे न मानता, नावाने कथेस बोलावून घेतले असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

ही कथा कोणत्या प्रसंगी सांगितली जाते, तेही पाहिले पाहिजे. कान्हेरीच्या लेखांत पुल्लशक्तीची प्रतिष्ठा राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या मांडलिकत्वावर उभी आहे. अपराजिताच्या शके ९१९ (इ. स. ९९७) मधील भादाण ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या ऱ्हासाचा उल्लेख आणि जीमूतवाहनापासूनची वंशावळ, ही दोन्ही एकत्र येतात. सार्वभौमाचा आधार नाहीसा झाला असता दिव्य पूर्वजाचे मोल वाढले, असे येथे दिसते. नागरक्षकाच्या वंशजांनी ध्वजावर मात्र गरुडच मिरवावा, ही विसंगतीही सूचक आहे. राष्ट्रकूटांच्या मुद्रेवरही गरुडच होता, हे विसरता कामा नये.

आता नागाव परिसराकडे वळू. शेजारच्या आक्षीच्या मराठी शिलालेखात केसिदेवरायास पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हटले आहे. त्याचा काळ शके ९३४ की शके ११३२, हा वाद येथे गौण आहे. लेखात राजा आहे, प्रधान भइर्जू सेणुई आहे, महालक्ष्मीचा उल्लेख आहे, जीमूतवाहन नाही. नागावच्या शके १२८९ (इ. स. १३६७) मधील लेखात हंबीररावास महाराजाधिराज म्हटले आहे आणि शकाबरोबर हिजरी सनही दिला आहे, तेथेही दिव्य पूर्वज नाही.

लेख आटोपशीर असल्यामुळे वंशावळ गाळली, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. परंतु आटोपशीर लेखात काय राखले, हेच महत्त्वाचे. बिरुदास जागा मिळाली, पूर्वजास मिळाली नाही. संस्कृत ताम्रपटाच्या प्रशस्तीस जो पूर्वज आवश्यक वाटला, त्यावाचून गावातल्या मराठी लेखाचे काही अडले नाही.

राहिले ग्रामनाम. ‘नागगाव’ या रूपातील एक ‘ग’ लोपून ‘नागाव’ होऊ शकते. पण तो नाग सर्प, नागवेल की नागचाफा, याचा निर्णय केवळ रूपावरून होत नाही. एका नामसादृश्याला दुसऱ्याचा टेकू दिल्याने प्रमाण सिद्ध होत नाही. जीमूतवाहनाची कथा शिलाहार दरबाराच्या आत्मप्रतिमेचे मौलिक साधन आहे. नागावच्या इतिहासाचे साधन म्हणून मात्र ती वापरता येणार नाही.