हूक-ब्रे वाचा, पण आधी खदानीची भिंत बघा

खडकाच्या उतारांच्या स्थिरतेवर पीएचडी करायची म्हटली की पहिलं पुस्तक हातात येतं ते एव्हर्ट हूक आणि जॉन ब्रे यांचं 'रॉक स्लोप इंजिनिअरिंग' (1974). खुल्या खाणीची भिंत किती तिरकी ठेवायची, हा त्याचा मूळ प्रश्न. पुस्तक वाचाच, फक्त कसं वाचायचं, ते सांगते.

त्याचं मोठेपण हे की ते आधी सांधे बघायला शिकवतं. दगड कितीही टणक असला तरी भिंत बहुधा सांध्यांवरूनच सुटते. म्हणून आधी सांध्यांची दिशा आणि कल मोजायचा, स्टिरिओनेटवर मांडायचा, मग गणित. आपण मात्र थेट सूत्रावर उडी मारतो. मीही मारली होती. कोरडा, कोहिजन नसलेला, 25 अंश कललेला सांधा घ्या. घर्षणकोन 30 अंश धरला तर सुरक्षा गुणांक 1.24 येतो, 25 धरला तर 1.00, म्हणजे भिंत ढासळण्याच्या काठावर. "हे 30 आले कुठून?" गाइडनी विचारलं. मी तक्त्यातून उचलले होते. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

हा दोष आपला. पुस्तकाची मर्यादा वेगळी आहे. 1981 च्या तिसऱ्या आवृत्तीत आधी सपाट प्रतलावरची घसरण, मग वेज, मग वर्तुळाकार, आणि टॉपलिंग त्यानंतर, दहाव्या प्रकरणात. आपल्याकडे भिवंडीच्या बेसॉल्टच्या खदानीत हा क्रम उलटा लावून बघा. लाव्हाचे थर फारसे कललेले नसतात, सांधे बरेचसे उभे. दोन थरांमध्ये लाल मऊ पट्टा, म्हणजे रेड बोल, असेल तर तो पाण्याने झिजतो, वरचा दगड अधांतरी राहतो आणि उभ्या सांध्यावरून सुटतो. तिथे नुसतं घसरणीचं सूत्र लावलं तर उत्तर येईल 'सुरक्षित'. खाली डंपर भरणाऱ्या माणसाला मात्र त्या उत्तराचा काही उपयोग नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी परवानगी काढून, हेल्मेट घालून एखाद्या खदानीत जा. सांधे मोजा. पावसाळ्यानंतर तीच भिंत पुन्हा बघा. आणि गुणांक लिहाल तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, तेही शेजारी लिहा. व्हायवात पहिला प्रश्न बहुतेक तोच येईल.