फ्रान्सच्या उत्सवमूर्ती

ॲन आर्बर म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो. पण इथल्याच मिशिगन विद्यापीठात मध्ययुगीन कला शिकवलेल्या आयलीन फोर्सिथ यांचं 'द थ्रोन ऑफ विज्डम' (१९७२) माझ्यासारख्या आयटीवाल्यालाही भावलं. बाराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या, मांडीवर बाळ येशू घेतलेल्या मेरीच्या लाकडी मूर्ती हा त्याचा विषय. लाकडाच्या म्हणून उचलता येणाऱ्या या मूर्ती मिरवणुकीत निघत, असं लेखिका सांगतात. म्हणजे आपल्या उत्सवमूर्तीच की! तीन राजांच्या चर्चमधल्या नाट्यातही त्या वापरत असाव्यात, हा तर्क मात्र मला ताणलेला वाटला. पुरावा अप्रत्यक्षच आहे. तरीही, संग्रहालयात काचेमागे बसलेली मूर्ती एके काळी माणसांच्या खांद्यावरून फिरत होती, याची आठवण हे पुस्तक करून देतं. आपल्या देवळांतून परदेशी संग्रहालयांत आलेल्या मूर्तींपुढेही मग नुसतं 'शिल्प छान आहे' म्हणून पुढे सरकता येत नाही.