कालाकुंड : वास्तू आणि वहिवाट

जुन्या वास्तूचा नवा उपयोग योग्य की अयोग्य हे ठरविताना तिचे रूप टिकले की नाही, एवढेच पाहून भागत नाही. कायदा मालकीबरोबर वहिवाटीचाही विचार करतो; रेल्वेस्थानकालाही तीच कसोटी लावावयास हवी. इंदूरजवळच्या महूच्या दक्षिणेस, घाटाच्या पायथ्याशी असलेले कालाकुंड स्थानक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

या मार्गाचा जन्मच करारातून झाला. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 मध्ये खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. जमीन विनामूल्य दिली. घाटाचा चढ चाळीसास एक. एका इंजिनाने गाडी चढेना, म्हणून कालाकुंडास मागून रेटणारे दुसरे इंजिन जोडीत. तेवढ्या खोळंब्यात उतारूंनी पळसाच्या पानावरील कलाकंद खाल्ला आणि स्थानकाचे नाव दूरवर गेले. तंट्या भिल्ल 1889 मध्ये फाशी गेला; त्याचे शव याच परिसरात टाकले, असे लोक सांगतात. पातालपाणीजवळील त्याच्या स्थानापाशी गाड्या वंदनार्थ क्षणभर थांबत.

पुढे ब्रॉडगेजसाठी कमी चढाची निराळी वाट आखली गेली. तेव्हा घाटातील हा तुकडा मोडीतच निघावयाचा; पण रेल्वेने तो राखला आणि 25 डिसेंबर 2018 रोजी पातालपाणी ते कालाकुंड वारसा-गाडी सुरू केली. बोगदे, पूल आणि दरी यांचे दर्शन त्यामुळे टिकले. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि 2023 च्या आरंभी महूहून ओंकारेश्वर रोडला जाणारी मीटरगेज गाडी थांबली. इंदूरचे भाविक ज्या रुळांवरून नर्मदातीरी जात, ती वहिवाट तुटली. वारसा-गाडी कालाकुंडास येते आणि तेथूनच माघारी फिरते. देवास निघालेला माणूस जेथे घटकाभर टेकत असे, ते ठिकाणच आता प्रवासाचा शेवट झाले आहे. देवळातील मूर्ती संग्रहालयात ठेवली, तर शिल्प सुरक्षित राहते. पूजा मात्र थांबते. येथेही तसेच घडले आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : वारसा-गाडी चालावी, पण तिने सहलीपुरते राहू नये. होळकरांचा करार, तंट्याची कथा आणि यात्रेकरूंची वाट ही तिन्ही प्रवाशांस सांगितली जावीत. आणि श्रावणात तरी कालाकुंडास उतरणाऱ्यास पुढे ओंकारेश्वरी नेणारे वाहन जोडून द्यावे.