चटक्याचा सुविचार कसा होतो

मराठीत घरातल्या फजितीवर हसायचं तर बहुतेक वेळा रविवार लागतो. ऑफिसला सुट्टी असते, घरचे कर्ते पुरुष कधी नव्हे ते घरातलं एखादं काम अंगावर घेतात आणि संध्याकाळपर्यंत घराची दैना होते. चि. वि. जोशींचं 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ साली आलं. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणरावाला चेहरा दिला आणि हा धांदरट, सज्जन, सतत तोंडघशी पडणारा गृहस्थ घराघरांत पोचला. त्याचा एक लांबचा इंग्रज भाऊबंद म्हणजे जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) मधले पॉजर काका. भिंतीवर एक चित्र टांगायचं म्हणून ते अख्खं घर कामाला लावतात. शेवटी मध्यरात्रीच्या सुमारास चित्र वाकडंतिकडं टांगलं जातं. काका खूश, बाकीचे मेल्यात जमा.

मला ही दोन्ही पुस्तकं आवडतात. पण पॉजर काकांच्या गोष्टीत एक छोटी जागा आहे, तिथे मी दर वेळी थांबतो. मारिया काकू एवढंच म्हणतात, की पुढच्या वेळी खिळा ठोकायचा असेल तर आधी सांगा, म्हणजे मी आठवडाभर माहेरी जाऊन येईन. पूर्ण प्रसंगात त्यांच्या वाट्याला जेमतेम एवढंच बोलणं येतं. भिंतीचं पडलेलं प्लास्टर कोणी झाडलं, हे जेरोम सांगत नाही. सांगितलं असतं तर विनोद तिथेच संपला असता.

सुट्टीच्या दिवसाची फजिती विनोदी वाटते, कारण ती करणाऱ्याला सोमवारी दुसरीकडे जायचं असतं. स्वयंपाकघराला रविवार नसतो. तिथे रोज काही ना काही बिघडतं, आणि बिघडलं तरी ताट वेळेवर पडावं लागतं. अशा फजितीबद्दल आपल्या साहित्यात काय लिहिलं गेलंय, हे शोधत गेलं की दोन ठळक नमुने सापडतात आणि दोन्हींचं नातं खान्देशाशी आहे. एक साने गुरुजींची भाजी, दुसरी बहिणाबाई चौधरींची चूल.

साने गुरुजी जन्माने कोकणातले, पालगडचे. पण १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरला शिक्षक होते आणि खान्देशाने त्यांना कायमचं आपलं मानलं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात 'अळणी भाजी' नावाचं प्रकरण आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मिठाबद्दल काही न बोलता जेवतात. मुलंही जेवतात. सगळ्यांचं झाल्यावर आई पानावर बसते, पहिला घास घेते आणि तिच्या लक्षात येतं. मग तिला हळहळ वाटते, की मला कोणी सांगितलं कसं नाही, अशी भाजी मी तुम्हाला वाढली. श्याम विचारतो, की बायकोचं मन दुखू नये म्हणून अळणी भाजी गोड मानून खाणारे वडील मोठे, की आपल्या हातून चूक झाली म्हणून कष्टी होणारी आई मोठी?

प्रकरण छोटं आहे, सांगण्याची रीत साधी आहे आणि वडिलांचं न बोलणं खरोखर सुंदर आहे. आज भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणारे लोक आपण पाहतो, तेव्हा या वडिलांची किंमत जास्तच कळते. पण या गोष्टीची कळ कुठे आहे बघा. आईला चूक सर्वांत शेवटी कळते, कारण ती सर्वांत शेवटी जेवते. ती सगळ्यांबरोबर पानावर बसली असती, तर पहिल्या घासाला मीठ मागून घेतलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. वडिलांचा संयम आणि आईची हळहळ, दोन्ही त्या शेवटच्या पंगतीवर उभ्या आहेत. गुरुजी विचारतात, कोण मोठं? ती शेवटी का बसली, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडत नाही. चिमूटभर मिठाच्या विसराचा संस्कार झाला. आणि संस्कार झाला की आपण प्रश्न विचारणं सोडतो.

आता चुलीकडे वळू. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या, तिशीत नवरा गेला, पदरात तीन मुलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे काम करता करता त्यांनी गाणी रचली आणि मुलगा सोपानदेव व नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, पुस्तक १९५२ ला आलं. स्वतःचं छापील पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हटलं जातं, पण धुळ्याकडची अहिराणी वेगळी आणि जळगाव, यावल, रावेरच्या बाजूची लेवा बोली वेगळी. बहिणाबाईंचा कान या लेवा बोलीचा. ती बोली भांडायला आणि चेष्टा करायला फार सोयीची आहे. पुढच्या मुद्द्यासाठी हे लक्षात ठेवावं लागेल.

त्यांची एक कविता आहे, 'चुल्हा पेटता पेटेना'. नावातच सगळं आलं. पण ती कविता गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या वाचकाला पुरती कळायची तर त्या फजितीची यंत्रणा माहीत हवी. खान्देश कापसाचा मुलूख. वेचणी संपल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या हे इथलं जळण. ते ओलं असलं की आधी आतलं पाणी उडून जाण्यातच आच खर्ची पडते. ज्वाला धरत नाही, नुसता धूर होतो. फुंकणीने फुंकावं तर राख तोंडावर आणि धूर डोळ्यांत. इकडे ज्वारीचं पीठ थांबत नाही. गव्हासारखा चिकटपणा त्यात नसतो, मळून थोडा वेळ गेला की थापताना भाकरीच्या कडा फाटतात. म्हणजे न पेटलेली चूल ही नुसती अडचण नाही, घड्याळ लावलेली अडचण आहे. समोर पीठ, मागे भुकेली माणसं, मधे धूर.

या अवस्थेत बहिणाबाईंची बाई काय करते? ती विस्तवाच्या मालकाशी भांडण काढते. त्याला थेट एकेरीत हाक मारते, माझा जीव किती घेशील म्हणून विचारते, आणि वर चौकशी करते, की तू तर आगीचा धनी, तुलाच थंडी कशी वाजली? अग्नी म्हणजे वेदांतला देव, यज्ञाचा मानकरी. त्याला हुडहुडी भरली असं म्हणून या बाईने त्याला घरातल्या आळशी पोराच्या रांगेत आणून बसवलं. संतापलेला माणूस असा विनोद करतो, तेव्हा त्या विनोदाला धार असते.

'अळणी भाजी'शेजारी ही कविता ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. तिथे काही बिघडलं की बाई स्वतःला दोष देते. इथे बाई म्हणते, बिघडलंय ते तुझं, मी माझं काम करतेच आहे. तिथे फजितीनंतर मोठेपणाचा निवाडा आहे, इथे फजिती चालू असतानाच बोलणं चालू आहे. तिथे आई शेवटी बोलते, इथे पहिला शब्द बाईचा. मुख्य म्हणजे इथे कुणी तिला समजून घेत नाही, कुणी माफ करत नाही, कारण माफ करण्यासारखं तिने काही केलेलंच नाही. मराठी कवितेत रोजच्या कामाच्या बिघाडाला इतक्या बरोबरीने उत्तर देणारा आवाज मला फार थोड्या ठिकाणी ऐकू आलाय.

मग ही कविता आपल्याला पाठ का नाही? पाठ आहे ती 'अरे संसार संसार'. तव्याची, चटक्याची आणि भाकरीची. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटाने ती गाणं म्हणून घरोघरी नेली. आज तिची सुरुवात गुलाबाच्या चित्रावर, सूर्योदयाच्या चित्रावर, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत, महिला दिनाच्या सूत्रसंचालनात भेटते. तुमच्या फॅमिली ग्रुपवरही ती आली असेल, बहुधा कुणा काकांकडून.

इथे बहिणाबाईंवर अन्याय होऊ नये. चटका आधी आणि भाकर नंतर, हा क्रम त्यांच्याच कवितेत आहे. पुढे संसाराला खोटं म्हणू नये, ओझं म्हणू नये, असंही त्या सांगतात. ती स्वीकाराची कविता आहे, हे नाकारता येत नाही. पण तो स्वीकार ज्याचे हात भाजलेत त्याचा आहे. आयुष्यभर तव्यापुढे बसलेली बाई स्वतःच्या हाताकडे बघून जे म्हणते, ते तिचं ज्ञान असतं. तेच शब्द कधी तवा न धरलेला माणूस नव्या सुनेला ऐकवतो, तेव्हा त्याचा नियम होतो. भाकर हवी तर भाजून घे. कवितेत अनुभव होता, फॉरवर्डमध्ये अट आहे. शब्द तेच, फक्त बोलणारा बदलला. म्हणून मला ही निव्वळ गैरसमजाची गोष्ट वाटत नाही. एका ओळीने कुणाला तरी गप्प बसवता येतं.

गंमत अशी, की या दोन्ही स्वयंपाकघरांना महाराष्ट्रासमोर आणण्यात एकाच माणसाचा हात आहे. बहिणाबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावना आचार्य अत्र्यांची, आणि १९५३ चा 'श्यामची आई' चित्रपटही अत्र्यांचा. त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. 'झेंडूची फुले' आणि 'साष्टांग नमस्कार' लिहिणारा हा मराठीतला अव्वल विनोदकार. तरीही लोकांनी या दोन्हींतून उचललं ते पावित्र्य. एकीकडे त्यागमूर्ती आई, दुसरीकडे अडाणी असून ज्ञानी बाई. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पदव्यांवर ते छापलं जातं, याचा आनंदच आहे. पण ज्ञानी म्हटलं की विनोद पुसला जातो. देवाला थंडी वाजली का म्हणून विचारणारी बाई पदवीच्या कागदावर मावत नाही.

सध्या घरातल्या फजितीचं मुख्य ठिकाण रील आहे. खान्देशी बोलीतही भरपूर चालू आहे: सासू-सून, मोटार बंद पडलेली, पाहुणे आलेले आणि सिलिंडर संपलेलं. मी ते आवडीने बघतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना वीज जाते, नळाला रोज पाणी येत नाही, टाकी तळाला लागलेली आणि नेमके त्याच शनिवारी मुंबईचे पाहुणे भरीत खायला येतात. जळगाव-धुळ्यात राहिलेल्या कुणालाही हा मसाला ओळखीचा आहे. पण रीलची एक सवय आहे. दूध उतू गेलं, किंकाळी आली, चेहरा दिसला की कट. ओटा पुसताना कुणी दिसत नाही. पॉजर काकांच्या प्लास्टरचं जे झालं, तेच इथे तीस सेकंदांत होतं. बहिणाबाईंची कविता नेमकी रीलने कापलेल्या भागात उभी आहे: किंकाळी संपल्यानंतर आणि भाकर होण्याआधी, धुरात, फुंकणी हातात धरून.

घराबाहेर, खोलीवर राहून स्वतःचं स्वतः रांधणारी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. त्यातल्या मुलांनाही पहिल्यांदाच तव्याचा चटका बसतोय, आणि आपल्या विनोदाचा नकाशा बदलायची शक्यता मला तिथे दिसते. रोज रांधणाऱ्याला रविवारच्या फजितीचं एवढं अप्रूप राहत नाही. त्याला चुलीशी भांडणारी बाई कळू शकते. म्हणून माझं सुचवणं साधं आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर तव्याचा सुविचार आला, तर खाली 'चुल्हा पेटता पेटेना' टाकून द्या. चटक्याचं मोल सांगणाऱ्या बाईने आगीलाही जाब विचारला होता, एवढं कळलं तरी पुरे.