नऊ मीटरचा रस्ता आणि मालेगाव

महाराष्ट्रातल्या शहरांविषयी अलीकडे लिहिलं गेलेलं सगळ्यात वजनदार पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं तर मी कादंबरीचं नाव घेणार नाही. ते पुस्तक डिसेंबर २०२० मध्ये लागू झालं. लेखकाचं नाव नाही, मुखपृष्ठ नाही, पानं काही शे. नाव 'एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली'. बिल्डर, आर्किटेक्ट आणि महापालिकेतली माणसं तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर राज्यातल्या जवळपास प्रत्येक शहरात तुमचं घर किती उंच असेल, त्याच्या खाली दुकान असेल की नाही, भिंतीपासून कुंपणापर्यंत किती जागा सोडायची, हे ती ठरवते. एवढी सत्ता असलेल्या मजकुराचं परीक्षण कुणी का लिहीत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले स्पेसिफिकेशन वाचायचे आणि त्यात कुठली केस सुटलीय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून ही इंग्रजी पीडीएफ मी तशीच वाचली. टेस्ट केस म्हणून घेतलं माझं गाव, मालेगाव.

नियमावलीचा नायक आहे रस्ता. म्हणजे त्यावरचा माणूस नव्हे, रस्त्याची रुंदी. राहत्या भागाचे दोन प्रकार आहेत, आर-१ आणि आर-२. दाट वस्तीच्या जुन्या भागात समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही आर-१ मध्ये. नऊ किंवा जास्त असेल तर आर-२ मध्ये. दाट वस्तीच्या बाहेर हीच रेषा बारा मीटरवर आहे. आर-१ मध्ये घर, घरगुती व्यवसाय, डॉक्टरचा दवाखाना, काही अटींवर रोजच्या गरजेची दुकानं. आर-२ मध्ये यादी एकदम फुगते. पुढे एफएसआयसुद्धा बऱ्याच अंशी याच रुंदीवर चढतो-उतरतो. थोडक्यात, हे एक फंक्शन आहे आणि त्याचा सगळ्यात महत्त्वाचा इनपुट एकच.

याला नावं ठेवणं सोपं आहे, पण इंजिनिअर म्हणून मला त्याचं आकर्षण कळतं. रुंदी टेपनं मोजता येते. रुंद रस्त्यावर आगीचा बंब पोचतो. 'हा धंदा मोहल्ल्याला शोभतो का' असा प्रश्न एखाद्या साहेबाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा 'नऊ आहे की साडेआठ' हा प्रश्न बरा. मोजता येणारा नियम गरिबाला थोडा तरी वाचवतो. पण जे मोजायला सोपं तेच मोजलं, की बाकीचं सगळं 'नाही'च्या खात्यात जातं.

मालेगाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गाव मोसम नदीवर आहे, आणि मोसम पुढे गिरणेला मिळते. नदीच्या एका अंगाला कॅम्प, म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी. सरळ रस्ते, बंगले, झाडं. दुसऱ्या अंगाला जुनं गाव: नारोशंकर राजेबहादूरांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतलेला भुईकोट किल्ला, किदवाई रोड, मोहल्ले आणि यंत्रमाग. किल्ल्याच्या आत शाळा भरते, यापेक्षा 'मिश्र वापर' काय असतो! १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून विणकरांची कुटुंबं आग्रा रोडनं इथे येत राहिली. १९३०च्या दशकात हातमागाच्या जागी यंत्रमाग यायला लागला आणि आज मागांची संख्या लाखांत मोजतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती.

आता जगभर 'चालण्याजोगं, मिश्र वापराचं शहरकेंद्र' कसं असावं यावर जी मार्गदर्शक तत्त्वं निघतात, ती या जुन्या गावाला लावून बघा. या सगळ्यांची आजी जेन जेकब्ज. तिच्या १९६१ च्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात जिवंत वस्तीच्या चार अटी आहेत: एकाच भागात एकाहून अधिक प्रकारचे वापर, लहान लहान ब्लॉक, जुन्या-नव्या इमारतींची सरमिसळ, आणि पुरेशी दाट वस्ती. मालेगावचं जुनं गाव चारही पेपरांत पास. खाली माग, वर बिऱ्हाड. बाजूला चहाचं हॉटेल, पलीकडे बीम घेऊन निघालेली हातगाडी. सूत, ताणा, सायझिंग, बीम, माग, कोरं कापड, ही सगळी साखळी चालत जाण्याच्या अंतरात. अमेरिकेतल्या मेलेल्या शहरकेंद्रांना जे परत मिळवण्यासाठी सल्लागार नेमावे लागतात, ते आमच्याकडे कुणी न सांगता झालंय. मग आमच्याकडे ज्याला परवडतं तो गल्ली सोडून कॉलनीत प्लॉट का घेतो?

हा प्रश्न मी जेकब्जऐवजी ख्रिस्तोफर अलेक्झांडरला विचारतो, कारण तो अर्धा आमच्या जातीचा. त्याचं 'अ पॅटर्न लँग्वेज' १९७७ चं, २५३ पॅटर्नचं. आम्ही कॉलेजात जे 'डिझाइन पॅटर्न' घोकले, १९९४ चं ते प्रसिद्ध चार लेखकांचं पुस्तक, त्याची प्रेरणा हे घरं बांधणाऱ्या माणसाचं पुस्तक होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे १९६४ च्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म'च्या परिशिष्टात त्यानं सोडवून दाखवलेलं उदाहरण भारतातल्या एका खेड्याचं आहे. गावाच्या गरजांची १४१ कलमं. कुठलं कलम कुठल्याशी जोडलेलं हे मांडायचं, मग कॉम्प्युटरच्या मदतीनं त्याचे गट, गटांचे उपगट पाडायचे. आजच्या भाषेत क्लस्टरिंग.

आणि एका वर्षात, १९६५ मध्ये, त्यानंच लिहिलं की शहर हे झाड नसतं! झाड म्हणजे आमचा ट्री: प्रत्येक फांदीला एकच बाप. नियोजक शहर असं आखतो: इथे राहा, इथे कमवा, इथे खेळा. चंदीगडचा नकाशाही त्यानं याच पंक्तीत बसवला. खरं जुनं शहर त्याच्या मते जाळीसारखं, एकच जागा एकाच वेळी अनेक गटांची. त्याचं उदाहरण बर्कलीतल्या एका कोपऱ्याचं आहे: सिग्नल लाल असतो म्हणून माणसं थांबतात, थांबतात म्हणून दुकानाबाहेरच्या स्टँडवरचे पेपर चाळतात. सिग्नल वाहतूक खात्याचा, पेपर दुकानाचा, पण दोन्ही मिळून एक तिसरी गोष्ट तयार होते. मालेगावात पाळी सुटल्यावरचं चहाचं हॉटेल बघा. तिथे थकलेला माणूस बसतो, उचल मागणारा बसतो, सुताचा भाव ऐकायला दलाल येतो, आणि भिंतीवरच्या टीव्हीत सिनेमा चालू असतो. शुक्रवारी माग बंद, त्या दिवशी हाच रस्ता नमाजाचा, बाजाराचा आणि सिनेमाचा. वापर जागेवर नाही, वारावर आणि तासावर ठरतो. नियमावलीच्या फंक्शनमध्ये वार हा इनपुटच नाही.

इथपर्यंत अलेक्झांडर आणि मालेगाव यांचं छान जमतं. पुढे बिनसतं. त्याचा नववा पॅटर्न सांगतो की काम घरांमध्ये विखुरलेलं असावं, कामाचा वेगळा प्रदेश करू नये. वाचताना डोळ्यांसमोर सुतार येतो, चपला शिवणारा येतो, मुलांना बापाचं काम दिसतं वगैरे. माग येत नाही. साध्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. बाराबारा तासांच्या दोन पाळ्या. हवेत सुताचा भुसा. मजुरी मीटरवर. घरात बायका कांड्या भरतात, आणि ते काम घरकामात इतकं मिसळलेलं असतं की कुणी त्याला नोकरी म्हणत नाही. फैझा अहमद खानचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा माहितीपट बऱ्याच जणांनी पाहिलाय. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक माग चालवायचा. त्या फिल्मकडे सगळे हसत आणि हळवे होऊन बघतात. मला त्यातल्या गल्ल्या दिसतात: माणूस दिवसभर जिथे उभा राहतो, तिथून काही पावलांवर झोपतो. मिश्र वापराच्या पुस्तकांना यात सौंदर्य दिसेल. झोपणाऱ्याला विचारलेलं नाही.

म्हणजे झोनिंग आलं ते उगाच नाही. अमेरिकेत १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टानं युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला मान्यता दिली, त्यात घराशेजारी कारखाना नको ही साधी भावनाही होती आणि भाड्यानं राहणारे नकोत हा सूरही. दोन्ही एका गाठोड्यात आलं. आपणही तेच गाठोडं उचललं.

पण आवाजाचा त्रास असेल तर आवाज मोजा ना. तसा कायदा आहे, आणि माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात बोलकं वाक्य त्याच्यातच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत चार प्रकारची क्षेत्रं आहेत. औद्योगिक: दिवसा ७५ डेसिबल, रात्री ७०. व्यापारी: ६५ आणि ५५. निवासी: ५५ आणि ४५. शांतता क्षेत्र: ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. आणि तक्त्याखाली एक टीप: मिश्र स्वरूपाचं क्षेत्र असेल तर सक्षम प्राधिकाऱ्यानं ते या चारपैकी एक म्हणून जाहीर करावं.

ही टीप मी पुन्हा पुन्हा वाचली. मिश्र असं काही आहे, हे कायद्याला दिसलंय. नुसतं दिसलं नाही, लिहून ठेवलंय. आणि पुढच्याच क्षणी सांगितलंय, चारपैकी एक निवडा. आमच्याकडे याला एनम म्हणतात: चार किमती ठरलेल्या, पाचवी टाकाल तर कोड कंपाइल होणार नाही. मालेगावच्या मोहल्ल्याला निवासी म्हटलं तर रात्री ४५ डेसिबलच्या मर्यादेत तिथे माग चालूच शकत नाही, म्हणजे हजारो लोकांचं पोट नियमबाह्य. औद्योगिक म्हटलं तर रात्री ७० चालतात. डेसिबलची पट्टी लॉगरिदमिक असते, म्हणून पंचवीसचा हा फरक ध्वनीच्या ऊर्जेत सुमारे तीनशे पट आहे. कागदावरचा एक शब्द बदलला की लहान मुलाच्या कानावर तीनशे पट ऊर्जा कायदेशीर होते. मधला रस्ता, म्हणजे अमुक भिंतीच्या पलीकडे रात्री इतके डेसिबल, मागाखाली धक्का शोषणारं पॅड, दोन पाळ्यांच्या मध्ये इतके तास शांतता, हे लिहायला त्या तक्त्यात रकानाच नाही.

चालण्याचं काय, ते थोडक्यात. इंडियन रोड काँग्रेसची पादचारी सुविधांची तत्त्वं आहेत, आयआरसी:१०३. २०१२ च्या आवृत्तीत फुटपाथची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर. दोन्ही बाजूंचे मिळून ३.६. म्हणजे नऊ मीटरच्या रस्त्यात गाड्यांना ५.४ उरतात; ठीक. पण जुन्या मोहल्ल्यातल्या तीन-चार मीटरच्या गल्लीत हे गणित सुरूच होत नाही. तिथे फुटपाथ नकोच आहे. तिथे गटारावर नीट झाकण, रात्री दिवा आणि मोटारसायकलचा वेग कमी, एवढं पुरे. फुटपाथची पुस्तकं ज्यांच्याकडे रस्ते आहेत त्यांच्यासाठी लिहिलेली असतात. कॅम्पात रस्ते आहेत, पण तिथे आता नव्या इमारतींचा तळमजला पार्किंगला जातो, कारण चटई क्षेत्रावरून मोटारी-स्कूटरच्या जागा मोजणारा तक्ता नियमावलीत आहे. रस्त्याला दुकान नाही, ओटा नाही, खिडकी नाही, नुसते खांब. संध्याकाळनंतर अशा रस्त्यावरून एकटीनं जायला बाई कचरते आणि किदवाई रोडच्या गर्दीतून जाते, हे मी दोन्ही बाजूंच्या घरांत ऐकलंय. गर्दीतही तिला त्रास आहेच, पण तो वेगळ्या जातीचा.

फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा म्हणतो, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या. २०११ च्या आकड्यानं धरलं तरी मालेगावात पावणेबारा हजारांच्या आसपास होतात. त्यांना उभं कुठे करायचं, याचा एकही नकाशा रुंदीच्या फंक्शनमधून बाहेर पडत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात स्फोट झाला तो उभ्या करून ठेवलेल्या मोटारसायकलमध्ये. त्याआधी ८ सप्टेंबर २००६ ला बडा कब्रस्तानच्या परिसरात, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी. दोन्ही ठिकाणं माणसं पायी जमण्याची. जेकब्ज म्हणते, रस्त्यावरचे डोळे वस्तीला सुरक्षित ठेवतात. आमच्याकडे त्या डोळ्यांनी कुणाची गाडी किती वेळ उभी आहे हे बघायला शिकून घेतलं. मोसम पूल ओलांडताना दोन्हीकडच्या माणसांच्या चालण्यात किंचित फरक पडतो. तो रुंदीत मोजता येत नाही, पण त्यामुळे कोण कुठे चालत जातो हे ठरतं, आणि मग कुठे दुकान चालतं हेही.

पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश माणूस शंभर वर्षांपूर्वी भारतातली गावं पायी हिंडून अहवाल लिहायचा. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापकही होता. त्याचा १९१८ चा इंदूरचा अहवाल प्रसिद्ध आहे, आणि इंदूर आमच्याच आग्रा रोडवर पुढे. त्याची पद्धत 'जपून शस्त्रक्रिया' करायची: सरसकट रस्ता रुंद करायचा नाही, एखादं पडकं घर काढून तिथे चौक करायचा, विहिरीजवळ झाड लावायचं. त्याचे अहवाल नियमावली होऊ शकत नाहीत, कारण ते एकेका गल्लीबद्दल बोलतात. राज्यभराच्या शहरांना एकच पीडीएफ हवी असते. तरी गल्ली पाहिल्याशिवाय तिच्याविषयी लिहायचं नाही, एवढी त्याची सवय उसनी घेता आली असती.

शहराचा प्रारूप विकास आराखडा निघतो तेव्हा कायद्यानं हरकती-सूचना मागवाव्या लागतात. बहुतेक हरकती स्वतःच्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल असतात, ते साहजिकच आहे. मोहल्ल्यासाठी एक अर्ज मी मनात लिहून ठेवलाय. त्यात रस्त्याची रुंदी येत नाही. रात्री अकरा ते पाच या वेळात कुठल्या भिंतीमागे किती माग चालू असतात, त्या भिंतीला लागून किती अंथरुणं पडतात, कांड्या भरणाऱ्या किती जणी त्या घरांत आहेत, आणि शुक्रवारी दुपारी त्या गल्लीत हातगाड्या कुठे उभ्या राहतात, एवढं आधी मोजून नकाशावर टाका, असं त्यात लिहिलंय. रकाना नसेल तर समासात लिहा.