नृत्य, कथा आणि कॅमेऱ्याचा डोळा

चित्रपटात नृत्य आले की कथा थांबते, हा आक्षेप जुना आहे आणि बहुतांशी खराही आहे. परंतु दोष नृत्याचा की ते योजणाऱ्याचा, हे ठरविण्यासाठी तीन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस वाटते.

उदयशंकरांचा ‘कल्पना’ (1948) मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तयार झाला. धंद्याच्या दृष्टीने तो पडला. पण त्यातील श्रमिक आणि यंत्र यांचे नृत्य पाहावे. नर्तकांचे हातपायच तेथे चाके नि दांडे होतात, आणि माणसाचे यंत्र कसे बनते ते देहच सांगतो. प्रेमनगरात, झाशीच्या रेल्वे कारखान्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या आम्हांला ते निराळे उलगडून सांगावे लागत नाही.

व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त (1955) गोपीकृष्णांसारखा कथकातील पट्टीचा नर्तक आहे, संध्याबाईंनी जिद्दीने मिळविलेली तयारी आहे, वसंत देसाईंचे संगीत आणि टेक्निकलरची श्रीमंती आहे. तरीही गुरूचा हट्ट आणि तरुणांची प्रीती यांतील झगडा मुख्यतः संवादांतून पुढे सरकतो. नृत्ये त्याची शोभा वाढवितात, भार उचलीत नाहीत. डोळा तृप्त होतो, मन मात्र उपाशी राहते.

‘नवरंग’मधील (1959) होळीच्या नृत्यात मात्र हा भार उचलला गेला आहे. संध्याबाई एकाच देहाने स्त्री आणि पुरुष दोन्ही होतात; चेहरा एका पात्राचा, पाठीमागचा मुखवटा दुसऱ्याचा. गिरकी घेतली की पात्र बदलते. रंगमंदिरात कडेला बसलेल्यास ही युक्ती उघडी दिसेल. कॅमेरा प्रत्येकास एकाच जागी बसवितो, म्हणून ती साधते. झाशीचे गंगाधरराव आपल्या नाटकशाळेत स्वतः स्त्रीवेष घेत, असे सांगतात. पण ते रूपांतर पडद्याआड होई, हे डोळ्यांदेखत होते. शिवाय ‘नवरंग’ ही आपल्याच पत्नीत दुसरी स्त्री पाहणाऱ्या कवीची कथा. एका देहातील दोन व्यक्ती हाच तिचा विषय. म्हणून हे नृत्य कथेतील विसावा नसून तिचे सार ठरते.

गणेशोत्सवात आपली मुले चित्रपटांतील नृत्ये हौसेने बसवितात. पावले हुबेहूब उतरतात; पण कॅमेऱ्याने साधलेला अर्थ पावलांबरोबर येत नाही. रंगमंचासाठी कथा नव्यानेच रचावी लागते. ती तसदी न घेता केलेल्या नृत्याचे कौतुक आम्ही करू, परंतु त्यास कला म्हणणार नाही.