'ग्रे अल्बम' नक्की कुणाचा?

माझ्या फोनमध्ये 'द ग्रे अल्बम' आहे. परवानगी घेऊन असा तो कधी विकायला आलाच नाही. डेंजर माऊसने 2004 मध्ये जे-झीच्या 'ब्लॅक अल्बम'मधला नुसता आवाज घेतला आणि त्याखाली बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'चे तुकडे लावले. जे-झीचा आवाज रीमिक्सवाल्यांसाठी मुद्दाम बाजारात आणलेला होता. बीटल्सच्या बाजूने मात्र कुणालाच विचारलं नव्हतं. सुमारे 3,000 सीडी निघाल्या आणि ईएमआयची नोटीस आली. त्यावर 24 फेब्रुवारी 2004 ला शंभराहून जास्त वेबसाइटांनी निषेध म्हणून अख्खा अल्बम दिवसभर फुकट ठेवला.

या बंडामुळे अल्बमचं जरा जास्तच कौतुक झालं, असं मला वाटतं. '99 प्रॉब्लेम्स'खाली 'हेल्टर स्केल्टर' लावणं सोपंच आहे. दोन्हीकडे आरडाओरडा, जुळणारच. पण 'डर्ट ऑफ युअर शोल्डर' ऐका, हेडफोन लावून. 'ज्युलिआ'मधली गिटार, म्हणजे लेनन ऋषिकेशला डोनोव्हनकडून जी बोटांची पद्धत शिकला तीच, इथे बारीक चिरून तिचा ताल केलाय. मूळ गाणं इतकं हळवं, आणि इथे तेच अडखळत, तोऱ्यात चालतं. दोन गाण्यांतून चक्क तिसरं झालंय.

कायद्याला हे तिसरं गाणं दिसत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नक्कल करणं, विकणं, लोकांत वाजवणं हे मालकाचे हक्क आहेत. ऐकण्यासाठी गाणं नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा म्हणून त्यात कुठे लिहिलेला नाही. उलट कलम 52 खाजगी वापराला, तो रास्त असेल तर, सूट देतं. इथवर आपण निवांत. मग येतं कलम 58. हक्कभंग करून काढलेली प्रत मूळ हक्कदाराच्याच मालकीची समजायची, आणि त्याला ती ताब्यात मागता येते! म्हणजे बाळगल्याची शिक्षा नाही, पण वस्तूही तुमची नाही. सीडीच्या काळात ठीक होतं. फाइल परत करायची म्हणजे काय करायचं? आणि कुणाला? बीटल्सची ध्वनिमुद्रणं आता युनिव्हर्सलकडे आहेत, जे-झीचे हक्कदार वेगळे. ज्याने कात्री चालवली तो डेंजर माऊस या रांगेत कुठेच नाही, आणि मला खटकतं ते हेच.

'व्हाइट अल्बम' 1968 चा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षं टिकतो, म्हणजे त्याचा 2028 अखेर संपेल. जे-झीच्या 2003 च्या आवाजाचा 2063 पर्यंत चालेल. शब्द आणि चाल यांचा हिशोब रचणाऱ्यांच्या मृत्यूपासून, म्हणून तो निराळा. तेव्हा 1 जानेवारी 2029 ला माझ्या फोनमधल्या 'ज्युलिआ'च्या गिटारीचा आवाज मोकळा होईल, तिची चाल नाही.